श्रेय उताराचं

डोंगरउतारावरच्या द्राक्षांच्या एका व्हाइट वाइनबद्दल एका पोस्टमध्ये म्हटलंय, की तिची तरतरीत आंबट चव द्राक्षं ऑरगॅनिक (सेंद्रिय) असल्यामुळे आहे. मला ते पटत नाही. श्रेय डोंगरउताराचं. दर १०० मीटर उंचीला तापमान साधारण ०.६ अंशांनी उतरतं, रात्री तर चांगलाच गारवा. द्राक्षाला आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल उष्णतेत भराभर खर्च होतं, गारव्यात टिकतं. पुढे वाइनरीत मॅलोलॅक्टिक प्रक्रिया टाळावी लागते; ती झाली की मॅलिकचं सौम्य लॅक्टिक होतं आणि धार गेलीच.

ऑरगॅनिक म्हणजे फवारणीच नाही, असंही नाही बरं का! भुरी आणि केवडा हे वेलीवरचे बुरशीसारखे रोग; भुरीला गंधक, केवड्याला बोर्डो मिश्रण (मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, आणि चुना) चालतं. युरोपीय संघात तांब्याला ७ वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा आहे. वाइन टिकवणारं सल्फाइटही असतं, फक्त कमी : तिथे पूर्ण कोरड्या (गोडवा जवळजवळ नसलेल्या) ऑरगॅनिक व्हाइटला लिटरमागे १५० मिलिग्रॅमपर्यंत, ऑरगॅनिक नसेल तर २००. अमेरिकेत मात्र लेबलवर ‘ऑरगॅनिक वाइन’ लिहायचं तर वरून सल्फाइट घालताच येत नाही.

आणि फ्रिजमधून काढल्या काढल्या पिऊ नका. ८ ते १० अंश पुरे, फार गार केली की सुगंधच दबतो.