कोळशावरचा कर: उत्तर 'अ'च का

प्रश्न असा होता की 'जीवाश्म इंधनांवर जास्त कर लावावा, म्हणजे लोक सौर-पवन ऊर्जेकडे वळतील' या विधानात कोणतं गृहीतक दडलंय. अ) भाव वाढला की निदान काही लोक तरी इंधन बदलतात, ब) कोळसा-तेल लवकरच संपणार, क) सौरऊर्जा आजच कोळशापेक्षा स्वस्त आहे. बरेच जण क म्हणतायत, मला ते अजिबात पटत नाहीये.

गृहीतक उलटं करून बघायचं, युक्तिवाद कोसळला तरच ते खरं गृहीतक. आता क उलटा करा, सौर महाग आहे, बरं मग? म्हणूनच तर कर लावायचाय ना, मधला फरक भरून काढायला! ब उलटा केला तरी काही बिघडत नाही. पण अ उलटा केला, म्हणजे भाव कितीही वाढला तरी कोणी हलतच नाही, की सगळं संपलं, कर कशाला लावायचा मग?

आणि 'निदान काही' हे शब्द नीट वाचा प्लीज. तिथे 'सगळे लोक' असतं तर मी पण अ कापला असता.

खरी गडबड कुठे होते सांगू का, आपल्याकडे २०१० ला कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लागला, २०१६ पर्यंत तो ४०० झाला, तरी कोळसा जळतोच आहे हे आपल्याला माहीत असतं आणि मग अ खोटा वाटायला लागतो. पण गृहीतक खरं आहे का हे विचारलेलंच नाही, बोलणारा काय धरून चाललाय एवढंच विचारलंय.