मुख्य चित्रपटाआधीची वीस मिनिटे : १९५०च्या दशकातील चित्रगृहाच्या वहीतील नोंदींचा अर्थ काय?

प्रश्नकर्ता : जुनीवही

माझे चुलत आजोबा सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी भागीदारीत चित्रगृह चालवीत असत. घर आवरताना त्यांची १९५०च्या दशकातील एक लांबट वही हाती लागली. प्रत्येक आठवड्यासाठी त्यांनी एक पान केले आहे. त्यावर आधी मूळ चित्रपटाचे नाव आणि त्याची फुटांतील लांबी, मग खेळांचे उत्पन्न, करमणूक कर आणि वितरकाचा हिस्सा अशा नोंदी आहेत. इथपर्यंत सारे उलगडते. मात्र प्रत्येक पानाच्या तळाशी ‘एफ. डी. – २ रिळे’ किंवा ‘एफ. डी. – १, आय. एन. आर. – १’ असे लिहून पुढे एक किरकोळ रक्कम भाडे म्हणून मांडली आहे. चित्रपट बदलला तरी ही ओळ चुकत नाही. एका पानावर तर जून महिन्यात ‘२६ जानेवारी संचलन’ दाखविल्याची नोंद आहे.

एफ. डी. म्हणजे फिल्म्स डिव्हिजन असावे, एवढा तर्क मला करता आला. परंतु ही रिळे कोणती दाखवायची हे आजोबा ठरवीत होते की वितरक? प्रेक्षकांना ती नकोशी असतील, तर त्यांसाठी भाडे का भरले जात होते? आणखी एक शंका आहे. माझी आजी गिरगावात वाढली. ती सांगते की मेट्रो चित्रगृहात इंग्रजी चित्रपट पाहायला गेल्यावर आधी मध्यंतर होई आणि मग चित्रपट सुरू होई. ही तिची विस्मृती समजावी की खरोखरच तशी पद्धत होती?

उत्तर : फूटपट्टी

आपला तर्क बरोबर आहे. ‘आय. एन. आर.’ म्हणजे इंडियन न्यूज रिव्ह्यू, फिल्म्स डिव्हिजनचे साप्ताहिक समाचारचित्र. निवड ना आपल्या आजोबांची होती, ना वितरकाची. ती परवान्याची अट होती, आणि परवान्याशिवाय चित्रगृहाचे दार उघडता येत नसे.

या अटीचे मूळ युद्धकाळात आहे. सरकारने १९४३ मध्ये भारत संरक्षण नियमांखाली प्रत्येक खेळात २,००० फुटांपर्यंत सरकारमान्य लघुपट दाखविणे चित्रगृहांना बंधनकारक केले आणि ते पुरविण्यासाठी इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया आणि इंडियन न्यूज परेड या संस्था चालविल्या. युद्धप्रचाराचा हा संसार १९४६ मध्ये मोडला. त्यामुळे १५ ऑगस्ट १९४७ रोजी सत्तांतराचा सोहळा टिपायला सरकारजवळ स्वतःचे चित्रणपथकच उरले नव्हते. पुढे १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली. परक्या सरकारची जी सक्ती आपल्याला जाचक वाटत होती, तीच स्वदेशी सरकारने जवळपास जशीच्या तशी उचलली, ही गोष्ट मला आजही गमतीची वाटते.

१९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम १२ (४) मध्ये शास्त्रीय, शैक्षणिक, वार्तापर आणि माहितीपर चित्रपट दाखविण्याविषयी परवानाधारकांना निदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिलेला आहे. मुंबई राज्यातील परवाने १९५३च्या मुंबई सिनेमा (विनियमन) अधिनियमाखाली येत. याच सुमारास तंजावरच्या एका चित्रगृहचालकाने या सक्तीला न्यायालयात आव्हान दिले होते. त्याच्या परवान्यात मान्यताप्राप्त चित्रपट ‘किमान २,००० फूट’ दाखवावेत असे म्हटले होते, आणि कमाल किती याचा मात्र उल्लेखच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये ती अट अवाजवी ठरविली, कारण तिच्या शब्दांप्रमाणे सरकारने उद्या दहा हजार फूट दाखवायला सांगितले असते तरी चित्रगृहाला नाही म्हणता आले नसते. सक्तीचे तत्त्व मात्र त्यामुळे गेले नाही. पुढे भाड्याचा दर निव्वळ साप्ताहिक उत्पन्नाच्या १ टक्का असा रुळला, आणि १९९९ मध्ये हाच विषय पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा न्यायालयाने ही व्यवस्था वैध ठरविली.

आता फुटांचा हिशेब पाहा, कारण खरा उलगडा तिथेच होतो. ३५ मि.मी.ची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगाने मिनिटाला ९० फूट पळते, म्हणजे २,००० फुटांना सुमारे बावीस मिनिटे लागतात. युद्धात कच्च्या फिल्मची टंचाई झाल्यावर १९४२ मध्ये सरकारने मूळ चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर आणून ठेवली होती. सुमारे दोन तासांच्या त्या चित्रपटाला वीस-बावीस मिनिटांची जोड सहज पेलत असे. युद्ध संपले, लांबीवरचे बंधन गेले, हिंदी आणि मराठी चित्रपट पुन्हा चौदा-पंधरा हजार फुटांपर्यंत वाढले आणि सक्तीचे २,००० फूट मात्र तेवढेच राहिले. पंधरा हजार फुटांचे होतात पावणेतीन तास. त्यात सरकारी रिळे, जाहिराती, पुढील आकर्षणांची झलक आणि मध्यंतर मिळविले की तिसऱ्या कोणाच्या लघुपटाला पाच मिनिटेही उरत नाहीत. आपल्याकडे खासगी लघुपट चित्रगृहात का रुजला नाही, याचे कारण लोक प्रेक्षकांच्या अभिरुचीत शोधतात. मला ते या बेरजेत दिसते.

उत्तर : केबिनचामुलगा

माझे वडील देशावरच्या एका लहान चित्रगृहात ऑपरेटर होते आणि माझे बालपण बरेचसे केबिनच्या दाराशी गेले. त्यामुळे जून महिन्यातील २६ जानेवारीचे मला मुळीच आश्चर्य वाटले नाही.

समाचारचित्राच्या प्रती मोजक्याच निघत. पहिल्या आठवड्यात त्या मोठ्या शहरांतील पहिल्या धावेच्या चित्रगृहांत लागत, तेथून दुसऱ्या फळीत, मग जिल्ह्यात, मग तालुक्याला, आणि सर्वांत शेवटी तंबूतल्या सिनेमाला. एकेक आठवडा करीत पेटी गावोगाव फिरे, आणि ती एस.टी.च्या टपावरून आमच्यापर्यंत पोहोचे तेव्हा तिच्यातील वार्ता कधीच शिळी झालेली असे. वर्तमानपत्रात दोन ऋतूंपूर्वी वाचलेला पूर पडद्यावर येई तेव्हा बाहेर शेते करपलेली असत. शिवाय इतक्या यंत्रांतून गेलेल्या फिल्मवर उभे ओरखडे पडलेले असत. आमच्याकडे त्याला ‘पाऊस’ म्हणत. पंतप्रधान धरणाचे उद्घाटन करीत आहेत आणि पडद्यावर मुसळधार पाऊस चालू आहे, असे दृश्य आम्ही कितीतरी वेळा पाहिले आहे.

तरीही ही रिळे निरुपयोगी होती असे म्हणणे केबिनच्या दृष्टीने चुकीचे ठरेल. प्रोजेक्टरच्या दिव्यातील कार्बनच्या दोन काड्यांमधील अंतर जुळून उजेड स्थिर व्हायला, चित्र रेखीव करायला आणि आवाजाची पातळी बसवायला तीच वीस मिनिटे उपयोगी पडत. मूळ चित्रपटाची पहिली चौकट पडद्यावर जाण्याआधी वडिलांचे सगळे बसून गेलेले असे. खाली पिटात लोक जागा धरत, उशिरा आलेले अंधारात चाचपडत, आणि डोअरकीपरला एकच प्रश्न विचारत : ‘न्यूज संपली का?’ माहितीपट असो वा समाचारचित्र, लोकांच्या लेखी ती सगळी ‘न्यूज’च होती. संपली नाही असे कळले की निम्मे लोक पुन्हा बाहेर विडी ओढायला जात.

रिळे वगळण्याचा मोह सर्वांनाच होई, हेही सांगायला हवे. एकदा वीज गेल्यामुळे सहाचा खेळ लांबला आणि नऊच्या खेळासाठी बैलगाड्यांनी आलेली माणसे दाराशी खोळंबली. मालकांच्या सांगण्यावरून वडिलांनी सरकारी रीळ न लावता थेट मूळ चित्रपट सुरू केला. नेमके त्याच रात्री तपासणीला आलेले एक अधिकारी बाल्कनीत बसले होते. मालकांना लेखी खुलासा द्यावा लागला आणि घरी वडिलांनी दोन दिवस कोणाशी धड बोलणे केले नाही. तेव्हापासून आमच्याकडे, वीज असो वा नसो, न्यूज चुकली नाही.

उत्तर : धोबीतलाव

आपल्या आजींची स्मरणशक्ती उत्तम आहे. दक्षिण मुंबईत इंग्रजी चित्रपट दाखविणाऱ्या चित्रगृहांत तीच पद्धत होती, आणि तिचे कारण वर आलेल्या बेरजेतच आहे.

हॉलिवूडचा त्या काळचा सर्वसाधारण चित्रपट नव्वद ते एकशेदहा मिनिटांचा, म्हणजे आठ ते दहा हजार फुटांचा असे. तेवढ्यावर खेळ भरत नसे. म्हणून कार्यक्रमाचे दोन भाग करीत. पहिल्या भागात काचेवर रंगविलेल्या जाहिराती, फिल्म्स डिव्हिजनची रिळे, परदेशी स्टुडिओचे एखादे व्यंगचित्र, एखादा प्रवासपट आणि पुढील आकर्षणांची झलक दाखवीत. मग दिवे लागत, माणसे आइस्क्रीम खाऊन परत येत, आणि मुख्य चित्रपट अखंड चाले. हिंदी चित्रपटात नायक संकटात सापडला की मध्यंतर होते. त्या प्रेक्षागृहांत मात्र नायकाची अजून ओळखच झालेली नसे.

मेट्रोचे प्रकरण थोडे वेगळे होते. ८ जून १९३८ रोजी सुरू झालेले हे चित्रगृह मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकन कंपनीनेच बांधले होते, त्यामुळे मूळ चित्रपटाबरोबर तिचे लघुपटही तेथे हक्काने येत. टॉम आणि जेरी ही मांजर-उंदराची जोडी १९४० मध्ये याच कंपनीत जन्मली आणि तिच्या व्यंगपटांनी सात ऑस्कर मिळविले. जेम्स फिट्झपॅट्रिक यांचे देशोदेशींचे रंगीत प्रवासपटही याच कंपनीने पडद्यावर आणले. आमच्या घरची वडीलधारी मंडळी केवळ व्यंगचित्र चुकू नये म्हणून वेळेआधी पोहोचत असत. तालुक्याच्या गावी ज्या वीस मिनिटांत लोक विडी ओढायला बाहेर जात, त्याच वीस मिनिटांसाठी इथे धावपळ चाले, एवढा फरक होता.

अमेरिकेतही लघुपट स्वबळावर उभा नव्हता, हे लक्षात ठेवावे. मोठा चित्रपट हवा असेल तर त्यासोबत लहान-मोठे बरेच काही घ्या, अशी स्टुडिओंची चित्रगृहांवर जबरदस्ती असे. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात ही गठ्ठाविक्री बेकायदा ठरविली, पाठोपाठ घरोघरी दूरचित्रवाणी आली, आणि लघुपटांचा आधारच गेला. मेट्रो-गोल्डविन-मेयरने आपला व्यंगपट विभाग १९५७ मध्ये बंद केला. तेथे कंपनीची सक्ती होती, येथे सरकारची.

उत्तर : आठआण्यांचीजागा

वरील उत्तरे माहितीपूर्ण आहेत, तरी एका बाबतीत माझा मतभेद नोंदवितो. ‘न्यूज’ म्हणून ज्यांची बोळवण झाली त्या रिळांत खरोखर चांगले काम होते.

राष्ट्रीय पुरस्कारांची पहिली खेप घ्या. १९५३ सालच्या चित्रपटांसाठी राष्ट्रपतींची दोन सुवर्णपदके देण्यात आली. कथापटाचे पदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले, हे मराठी माणसाला झोपेत विचारले तरी सांगता येईल. दुसरे सुवर्णपदक फिल्म्स डिव्हिजनच्या ‘महाबलिपुरम्’ या माहितीपटाला होते, हे किती जणांना ठाऊक आहे? त्याचे दिग्दर्शक जगत मुरारी पुढे पुण्यात प्रभातच्या जागेवर उभ्या राहिलेल्या फिल्म इन्स्टिट्यूटचे प्रमुख झाले, आणि त्यांच्या हाताखालून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी हिंदी कथापटाचा चेहरा बदलला. पन्नाशीच्या दशकातच फिल्म्स डिव्हिजनने व्यंगपट विभाग उघडला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स तेथे शिकवायला आले, आणि जातककथेवरील ‘द बनियन डिअर’ १९५७ मध्ये तयार झाला. मेट्रोचे व्यंगचित्र बघायला धावणाऱ्यांनी आपल्याकडचे व्यंगचित्र ‘न्यूज’ म्हणून बाहेर उभे राहून घालविले असेल, तर दोष रिळाचा म्हणता येणार नाही.

मात्र फूटपट्टी यांचा मूळ मुद्दा मला मान्य आहे, आणि त्याला मी एक पुस्ती जोडतो. सक्तीमुळे लघुपटाला देशभरचा पडदा मिळाला, पण त्या पडद्याची किल्ली एकाच कार्यालयाकडे राहिली. कोणी स्वतःच्या पैशाने उत्तम लघुपट केला, तरी तो फिल्म्स डिव्हिजनने घेतला नाही तर चित्रगृहवाल्याला त्याचा उपयोग नव्हता, कारण सक्तीचे फूट त्याने भरत नसत आणि उरलेला वेळ मूळ चित्रपटाने खाल्लेला असे. प्रेक्षकाला निवड नव्हती तशी निर्मात्यालाही नव्हती.

जुनीवही यांना एक विनंती आहे. आपल्या वहीत ज्या आठवड्यांत आखूड चित्रपट लागला असेल, त्या पानांवर एफ. डी.खेरीज दुसरे काही दाखविल्याची नोंद आहे का, ते कृपया पाहावे.

प्रश्नकर्ता : जुनीवही

सर्वांचा आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे पाने पुन्हा तपासली. बहुतेक चित्रपट तेरा ते पंधरा हजार फुटांचे आहेत आणि त्या पानांवर एफ. डी.शिवाय काहीही नाही. दहा हजारांखालचे चित्रपट अवघ्या चार आठवड्यांत लागले. ते चारही इंग्रजी मारधाडपट आहेत आणि सकाळच्या खेळाला लावलेले आहेत. त्यांपैकी दोन पानांवर एफ. डी.च्या ओळीखाली आजोबांनी ‘कार्टून १’ असे लिहिले आहे. त्यापुढे भाड्याची रक्कम नाही. वितरकाने ते मूळ चित्रपटाच्या पेटीतूनच पाठविले असावे, असे मी आता समजतो. आजीला हे वाचून दाखविले, तेव्हा तिने तालुक्याच्या गावी कार्टूननंतर मध्यंतर झाले होते का, एवढेच विचारले. वहीत तेवढे मात्र लिहिलेले नाही.