गव्हाची ॲलर्जी निघाली, रिपोर्टात ज्वारीपण पॉझिटिव्ह, भाकरी बंद करावी का?

परभणीची आई:
आमचं लेकरू ३ वर्षाचं. पोळी नाहीतर शिरा खाल्ला की थोड्याच वेळात तोंडाभोवती लाल होतं, अंगभर गांधी उठतात, मागं एकदा उलटीपण झाली. डॉक्टरनी रक्त तपासायला लावलं तर गहू लई जास्त आला आन सोबत बार्ली, मका, तांदूळ, ज्वारी थोडं थोडं पॉझिटिव्ह. सासूबाई म्हणतात सगळी धान्यं बंद करा, नुसतं दूध-केळं द्या. पण हे तर रोज दुधात भाकर कुस्करून खातं, वरणभात खातं, कधीच काही झालं नाही, मग रिपोर्टात कसं काय आलं? आन खपली गहू चालतो म्हणतात ते खरं का?

लातूरहून नर्स:
ताई, भाकरी अजिबात बंद करू नका. गहू, ज्वारी, मका, तांदूळ सगळी गवताच्याच कुळातली, त्यांच्यातली काही प्रोटीनं एकमेकांसारखी दिसतात, म्हणून गव्हासाठी तयार झालेली आयजीई अँटीबॉडी (ॲलर्जीत अंगात तयार होणारं, रक्तात मोजतात ते प्रोटीन) तपासणीत बाकीच्यांनाही चिकटते. गवताच्या परागकणांची ॲलर्जी असली तरी असा रिपोर्ट येतो. पण कागदावर पॉझिटिव्ह म्हणजे खाल्ल्यावर त्रास होणारच असं नाही, एका धान्याची खरी ॲलर्जी असलेल्यांपैकी साधारण २०% लेकरांनाच दुसऱ्या धान्याचा त्रास होतो. जे रोज खातंय आन पचतंय ते चालू ठेवा, उगं बंद केलं तर लेकरू वाळंल आन पुन्हा सुरू करताना त्रास व्हायची भीती वेगळीच. बार्ली आन राय (मोहरी नव्हं, गव्हासारखं एक धान्य) मात्र गव्हाचे सख्खे भाऊ, आन माल्ट बहुतेक बार्लीचाच असतो, त्यामुळं माल्टवाल्या दुधाच्या पावडरी डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. खपली हा गहूच आहे, नको म्हणजे नको. गहू थोडा थोडा खाऊ घालून बघायची परीक्षा घरी करू नका, ती दवाखान्यातच. आन कधी दम लागला, ओठ सुजले तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना.

जालन्याचा गिरणीवाला:
डॉक्टरकीचं मला कळत नाही पण दळणाचं सांगतो. गव्हामागं ज्वारी टाकली की पाटाखाली, पेटीत आन कापडाच्या नळीत अडकलेलं गव्हाचं पीठ पहिल्या किलोभर ज्वारीत येतंच, ते बाजूला काढा म्हणलं तर गिऱ्हाईक भांडतं. पहिलं दळण मागाल तर रात्री शेवटी काय दळलं होतं तेबी विचारा. जमलं तर घरघंटी घ्या आन तिच्यात गहू घालूच नका.

हिंगोलीकर:
माझ्या भाचीला गव्हाचंच आहे, तिला बार्ली पण कायमची बंद केली, मग यांना विचारून चालेल असं कसं?

लातूरहून नर्स:
भाचीला सिलिॲक आजार असेल. ते ॲलर्जीपेक्षा वेगळं, त्यात ग्लुटेन (या धान्यांतलं प्रोटीन) आतड्याला इजा करतं म्हणून गहू, बार्ली, राय जन्मभर बंद. गव्हाची ॲलर्जी बऱ्याच लेकरांची शाळेच्या वयात जाते, म्हणून अधूनमधून तपासत राहायचं. आन हो, हिंगाच्या डबीमागं वाचा, बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ असतं.

परभणीची आई:
बघितलं, लिहिलंय गव्हाचं पीठ! वरणात रोज चिमूटभर पडतो की, त्यानं तर काही झालं नाही. मग चालू ठेवू?

लातूरहून नर्स:
चिमूट पचली म्हणून पोळी पचंल असं नाही. पण हे डॉक्टरला आवर्जून सांगा, लेकराला किती गव्हावर त्रास होतो त्याचा अंदाज त्यांना येतो. तोवर हिंग बाजूला ठेवून लसूण-जिऱ्याची फोडणी द्या.