आडवं आलेलंच कामी आलं: तुमचे अनुभव सांगा

अडखळती_वाट
काल संध्याकाळी दादरहून कल्याण स्लो. लेडीज डब्यात क्लिपा-रबर विकणारी एक मुलगी चढली. "दहाला द... द..." वर अडकली. दोघीतिघी हसल्या. ती थंडपणे म्हणाली, "दमानं घ्या. शब्द मागच्या गाडीने येतोय, माल तर आलाय ना!" अख्खा डबा हसला आणि खपही झाला.

मीही लहानपणापासून अडखळते. शाळेत हजेरीला "हजर बाई"चा ह निघायचा नाही, नुसता हात वर करायचे. पहिल्या इंटरव्ह्यूत स्वतःच्या नावावरच अडकले, समोरच्यांनी घड्याळ बघितलं. मग वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग वाचा-श्रवण संस्थेत जायला लागले. तिथल्या बाईंचं एक मनात बसलं: लपवायला जितका जोर लावशील तितकं जास्त अडकेल. पुढच्या इंटरव्ह्यूला बसल्या बसल्या सांगून टाकलं, "मी अडखळते, पण वाक्य पुरं करते. जरा वेळ द्या."

आता तक्रारी ऐकायचं काम करते. चिडलेल्या माणसाला मध्ये न तोडता ऐकून घेणं मला जड जात नाही. गंमत म्हणजे गणपतीच्या आरतीत कधीच अडखळत नाही, सगळ्यांबरोबर म्हटलं की जीभ सुटते. बऱ्याच जणांचं असंच असतं म्हणे.

अडखळणं आहे तसंच आहे. लाज तेवढी राहिली नाही. तुमचं काय?

परळची_पोर
बाबा आठवले. कापडगिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागावर होते. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि भोंग्यावर घरातून निघणं कायमचं संपलं. आईने डबे सुरू केले. बाबा गॅलरीकडे पाठ करून कणीक मळायचे, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. मग काय डोक्यात आलं देव जाणे, चाळभर सांगत सुटले, "तिसऱ्या पाळीला लागलोय!" दारच उघडं टाकलं. साच्यावर तुटलेला धागा लांबून हेरायची नजर, त्यामुळे सैल झाकण, कमी पडलेली पोळी लगेच दिसायची. आई म्हणायची, हा जॉबर (गिरणीतला मुकादम) माझ्याच डोक्यावर बसलाय.

आडवा_प्रश्न
छान. पण मनावर घेतलं की झालं, असं नका म्हणू हो. अडीच लाखांच्या आसपास माणसं होती त्या संपात. सगळ्यांची जिद्द कमी पडली का? आमचे काका कोकणात गेले ते गेलेच.

परळची_पोर
बरोबर आहे दादा. आमची खोली पागडीची, उठवणारं कोणी नव्हतं. आणि आईला अन्नपूर्णा महिला मंडळामुळे बँकेचं कर्ज मिळालं. प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली खानावळवाल्या बायकांसाठीच काढलेलं. नुसत्या जिद्दीवर गव्हाचं पोतं येत नाही.

खमंग_७७
लालबागला मसाला कांडायला किलोला किती घेतात आता? कोणी जाऊन आलंय का?

सुईदोरा_कुर्ला
२६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी, आणि मिठी नदी आमच्या शिलाईच्या दुकानात. कमरेच्या वर पाणी. गिऱ्हाइकांचे ब्लाउजपीस एकमेकांचा रंग पिऊन बसलेले. ते भरून देण्यातच गल्ला गेला. मशीन चिखलाने जाम. मेकॅनिक म्हणाला भंगारात घाला. मिस्टर हातपाय गाळून बसले, मी रागारागाने एक मशीन खोललं. आता मेलंच आहे तर आणखी काय बिघडणार? शटल, बॉबिन केस, सगळं सुटं करून रॉकेलच्या ताटलीत. दातऱ्याखालचा गाळ केसातल्या पिनेने काढला. हँडल फिरवलं, करकरलं, मग फिरलं. मी ओरडलेच! पुढे गल्लीतल्या बायका आपापली बुडालेली मशीन घेऊन आल्या. आज शिलाई कमी, रिपेरिंगच जास्त. मेकॅनिकलाही मीच पार्ट देते.

अडखळती_वाट
ताई, केसातली पिन!! सलाम.

ग्रुप_टू_अडकलेला
सीए फायनलचा एक ग्रुप सुटत नाहीये. दर निकालाला घरात सुतक. यावेळी उत्तरपत्रिकेची कॉपी मागवली, कुठे मार्क गेले ते वहीत लिहिलं. ज्युनिअर आता ती वही मागायला येतात, शिकवताना मलाच समजतंय. पास? अजून नाही हो. पण निकालाच्या दिवशी मोबाईल बंद करून चौपाटीवर जाणं सोडलंय.

बाकावरचा
मुरलीकांत पेटकर वाचा. सैन्यातले बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले, उपचार म्हणून पाण्यात उतरले, आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात भारताचं पहिलं सुवर्ण.

आडवा_प्रश्न
आणि पद्मश्री २०१८ ला. पदकाच्या शेहेचाळीस वर्षांनी. त्यांनी मन बदललं, सरकारला वेळ लागला.

खमंग_७७
मसाल्याचं कोणीच सांगत नाहीये.

परळची_पोर
अहो तिथे रांगेत उभं राहा, आधी मिरच्या बघून भाव सांगतात. भाजून हवा तर वेगळे पैसे. मे महिन्यात जाऊ नका, मरणाची गर्दी.

डोंबिवलीची_सून
सुईदोरा ताई, माझं मशीन टाके सोडतंय, सासूबाई म्हणतात विकून टाक. काय करू?

सुईदोरा_कुर्ला
विकू नका! बहुतेक सुई वाकलीय नाहीतर उलटी बसलीय. जवळून फोटो टाका.

डोंबिवलीची_सून
टाकते. दूध उतू चाललंय.