आईच्या फोनवर भावाने पाळतीचं ॲप टाकलंय. काढायचं कसं, आणि गेलेल्या माहितीचं काय? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. धागा घरगुती आहे आणि लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

आई सांगलीला एकटी असते. वय ७१, प्राथमिक शिक्षिका होती, डोकं तल्लख. दादा पुण्यात, मी नागपुरात. मागच्या वर्षी आईला एक व्हिडिओ कॉल आला. खाकी गणवेश, मागे अशोकस्तंभ, "तुमच्या आधारवर सिम घेतलंय, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात." सव्वा तास बाई खुर्चीवरून हलली नव्हती. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या म्हणून सुटली. पैसे गेले नाहीत, पण दादाने धसका घेतला. दिवाळीत तो आला, आईचा फोन "जरा साफ करून देतो" म्हणाला आणि अर्धा तास घेऊन बसला.

मग यंदा जूनमध्ये मी नोकरी सोडायचा विचार करत होते. हे फक्त आईला व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, नवऱ्यालाही अजून बोलले नव्हते. आठवड्यात दादाचा फोन: "राजीनामा देण्याआधी माझ्याशी बोलायचं तरी." मी आईवर उखडले. ती सांगत राहिली की मी कुणाकडे अवाक्षर काढलेलं नाही. मी ऐकलं नाही. पंधरा दिवस आम्ही दोघी जेवलीस का, गोळी घेतलीस का, एवढंच बोलत होतो. हे आठवलं की अजून पोटात खड्डा पडतो.

गणपतीत सांगलीला गेले. आईचा फोन नुसता पडून असला तरी गरम, बॅटरी दुपारी दोनला गार. बँकेचं ॲप उघडलं की फोनमध्ये धोकादायक ॲप असल्याचा संदेश यायचा आणि ते बंद व्हायचं. दादाने तिला सांगितलं होतं, "फोन जुना झालाय, तू बँकेत जाऊन पासबुक भरून आण." म्हणजे बँक बोंब मारत होती आणि आई उन्हातून पासबुक भरून आणत होती. मी सेटिंग्ज धुंडाळल्या. ॲक्सेसिबिलिटीच्या यादीत 'सिस्टिम सर्व्हिस' नावाचं, दातेरी चाकाचं चित्र असलेलं काहीतरी चालू होतं. गूगलची ॲप तपासणारी सोय, प्ले प्रोटेक्ट, बंद.

दादाला विचारलं तर त्याने लपवलं नाही. वर्षाचे पैसे भरलेत म्हणे. त्याच्या लॅपटॉपवर आईचे एसएमएस, व्हॉट्सॲप, कोणाला किती वेळ फोन, आत्ता कुठे आहे, सगळं दिसतं. "तिच्या भल्यासाठी केलंय. पुन्हा तसला कॉल आला तर तू नागपूरहून काय करणार होतीस?" खरं सांगते, यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण आता झोप लागत नाही. बँकेचे ओटीपी त्या कंपनीकडे गेलेत का? कंपनी कुठली, तिच्या संकेतस्थळावर पत्तासुद्धा नाही. आईच्या भिशीच्या गटात एका बाईच्या सुनेचं घटस्फोटाचं चाललंय, ते सगळं त्या पडद्यावर होतं. त्या बायकांना कोणी विचारलं होतं? ॲप नुसतं अनइन्स्टॉल केलं की भागतं का? दादाने तिथलं खातं बंद केलं तर माहिती पुसली जाते का? आणि आईला हे कसं सांगू? ॲपचं नाव मुद्दाम देत नाही, फुकट जाहिरात नको.

निवांत_६७
ताई, मी ६७ चा आहे. माझ्या मुलाने असं केलं तर मी त्याला आधी जेवायला वाढीन आणि मग घराबाहेर काढीन. आईंना आजच सांगा. तांत्रिक मदत बाकीचे करतील.

खटपट्या
मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे माझं, असले फोन महिन्याला एखादा तरी येतो. बहुतेक वेळा नवरा-बायकोचं असतं. आईचा पहिल्यांदाच ऐकला.

आधी हे कळून घ्या की ते ॲप प्ले स्टोअरवरचं नसणार. गूगलच्या नियमात पाळतीची ॲप्स फक्त पालकांनी मुलांसाठी किंवा कंपनीने नोकरांसाठी चालतात. तीही लपवून नाही, फोनवर कायम सूचना दिसली पाहिजे. म्हणून ही मंडळी स्वतःच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवायला लावतात आणि पहिलीच पायरी असते 'प्ले प्रोटेक्ट बंद करा'. राखणदाराला सुट्टी देऊन मग घरात शिरायचं.

दुसरं, ॲक्सेसिबिलिटी. ही सोय मुख्यतः अंध-अपंगांसाठी आहे. पडद्यावर जे लिहिलंय ते ॲपने वाचून दाखवायचं. तीच परवानगी पाळतीच्या ॲपला दिली की तुमच्या आई जे वाचतात ते तेही वाचतं. व्हॉट्सॲपचं एन्क्रिप्शन इथे काही कामाचं नाही, कारण कुलूप वाटेत असतं आणि हा माणूस घरात आईंच्या खांद्यामागे उभा आहे. ओटीपी एसएमएसने येतो, सूचनेत दिसतो, त्यामुळे गेला असंच धरा. ओटीपी जुना झाला की मेला, पण पासवर्ड, खाते क्रमांक, शिल्लक हे मरत नाही.

कंपनी भरवशाची आहे का, विचारता. या धंद्याचा इतिहासच सांगतो. एमस्पाय नावाची बडी कंपनी २०१५ मध्ये फुटली, २०१८ मध्ये तिची माहिती पुन्हा उघड्यावर सापडली, २०२४ मध्ये तिच्या मदतकक्षाला लोकांनी लिहिलेल्या लाखो ईमेल बाहेर आल्या. हे दादांना मुद्दाम दाखवा, कारण त्यात पाळत ठेवणाऱ्यांची नावं होती. स्पायफोनने २०१८ मध्ये लोकांचे फोटो-मेसेज कुलूप न लावता क्लाउडवर ठेवले होते. २०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या कंपनीला आणि तिच्या प्रमुखाला या धंद्यातूनच बंदी घातली. पोलंडचं लेटमीस्पाय जून २०२३ मध्ये हॅक झालं, चोराने मेसेज, कॉल, ठिकाणं सगळं नेलं आणि ऑगस्टअखेर दुकान बंद. पीसीटॅटलटेल २०२४ मध्ये तसंच गेलं. दुसऱ्याची खाजगी गोष्ट विकणारा ती जिवापाड जपेल कशाला?

आता काम. क्रम महत्त्वाचा. दादांना त्यांच्या खात्यातून आधी आईंचा फोन आणि साठलेली माहिती काढायला लावा, मग खातं बंद, आणि लेखी ईमेल टाकून ठेवा. खरंच पुसतील याची हमी मी देत नाही. मग फोनवर ॲक्सेसिबिलिटी बंद, नोटिफिकेशन ॲक्सेस बंद, सिक्युरिटीमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन' असतं तिथली खूण काढा (ती असली की अनइन्स्टॉल होत नाही, लोक इथेच अडकतात), आणि मग अनइन्स्टॉल. प्ले प्रोटेक्ट चालू करून तपासणी. 'अनोळखी ॲप इन्स्टॉल' ही परवानगी ब्राउझरला दिलेली असेल, ती काढा. व्हॉट्सॲपच्या लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये कोणी बसलंय का बघा. शक्य असेल तर शेवटी फॅक्टरी रिसेट, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करणं. पासवर्ड बदलायचे ते तुमच्या फोनवरून, आईंच्या फोनवरून रिसेट होईपर्यंत नाही. नाहीतर नवाही त्या पडद्यावर जायचा.

एक इशारा, तुमच्यासाठी नाही, वाचणाऱ्या इतरांसाठी. पाळत ठेवणारा माणूस मारकुटा किंवा धमक्या देणारा असेल तर घाईने ॲप काढू नका. काढलं की त्याला लगेच कळतं. आधी सुरक्षित जागा आणि दुसऱ्या फोनवरून मदत.

भाऊबंद
सगळे दादावर तुटून पडलेत म्हणून लिहितो. माझ्या वडिलांचे याच डिजिटल अरेस्टमध्ये अकरा लाख गेले. ते तीन दिवस आम्हाला काही बोलले नाहीत, कारण फोनवरच्या 'साहेबां'नी कोणाला सांगू नका म्हणून शपथ घातली होती. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मन की बात'मध्ये सांगितलं, कॉलर ट्यूनवर बच्चनसाहेब सांगून सांगून दमले, तरी माणसं अडकतातच. मला तेव्हा असं ॲप माहीत असतं तर मी टाकलं असतं. चूक असेल, पण टाकलं असतं.

धागाकर्ती
भाऊबंद, वाचून वाईट वाटलं. दादाचं मन मला कळतं. पण दिवाळीपासून आजवर त्याने त्या पडद्यावरून एकही भामटा पकडला नाही. पकडली ती माझी नोकरी.

कायदा_आणि_चहा
वकिली करते, फुकटचा सल्ला म्हणून वाचा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ म्हणतं की संगणकाचा मालक *किंवा ताबा असलेली व्यक्ती* यांच्या परवानगीशिवाय त्यातली माहिती काढू नये. फोनही त्यात येतो. "फोन मीच घेऊन दिलाय" हे मुलं हमखास म्हणतात, पण ताबा आईचा आहे. लबाडीच्या हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षं कैद किंवा पाच लाख दंड, किंवा दोन्ही. लबाडीचा हेतू तुमच्या दादांच्या बाबतीत सिद्ध होणं अवघड, आणि तुम्हालाही ते नको असणार. स्त्रीच्या इंटरनेट-ईमेलवर पुरुषाने नजर ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये पाठलागाच्या गुन्ह्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवलाय, तो सत्तरीनंतर संपत नाही.

पैसे खरंच गेले तर मात्र घरात चर्चा करत बसू नका, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा.

खटपट्या
भाऊबंदांच्या मुद्द्यावर. भामटे अडवायचे तर पैशाच्या दाराला कडी लावा, माणसाला नको. यूपीआय एका छोट्या खात्याला जोडा, त्यात महिन्याच्या खर्चाएवढेच पैसे. बाकी मुदत ठेवीत, आणि त्या खात्याला नेट बँकिंगच नको. कार्ड आणि यूपीआयची मर्यादा कमी करून घ्या. यूपीआय सर्कल म्हणून एक सोय आहे, त्यात दुसऱ्याने केलेला प्रत्येक व्यवहार खातेदार मंजूर करू शकतो, पण पैसे खातेदाराचे जातात. माझ्या आईला सांगितलं तर म्हणाली, "भाजीलाही तुझी परवानगी?"

धागाकर्ती
अपडेट. काल दादाला बोलावून घेतलं आणि आईसमोर बसून सांगितलं. तिने पहिल्यांदा विचारलं, "भिशीतलं पण वाचलंस?" तो गप्प. मग म्हणाली, "त्या बाईने माझ्यावर भरवसा ठेवून सांगितलं होतं रे." एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू मला चहाडखोर ठरवलंस." मीही गप्प.

दादाने खातं बंद केलं, ईमेल पाठवली, उत्तर नाही. ॲप निघालं, डिव्हाइस ॲडमिनपाशी अडकलो होतोच. बँकेचं ॲप लगेच उघडलं. यूपीआय पिन आईने माझ्या फोनवरून बदलायचा का म्हणून विचारलं, तर सिम तिच्याच फोनमध्ये लागतं. मग तो रिसेटनंतर बदलू. तोवर यूपीआय बंदच ठेवलंय, वाण्याला रोख.

आता अडलंय ते एवढ्यावर. रिसेट केलं तर व्हॉट्सॲपवरचे नातवाचे बोबडे व्हॉइस मेसेज जातील म्हणून ती फोन हातातून सोडत नाहीये. ते वाचवता येतील का? ॲप परत येणार नाही ना त्यातून?

खटपट्या
येतील. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधून चॅट बॅकअप गूगल खात्यावर घ्या. त्याआधी गूगलचा पासवर्ड तुमच्या फोनवरून बदला आणि दादांचा लॅपटॉप त्या खात्यात असेल तर बाहेर काढा. रिसेटनंतर फोन विचारेल, जुनी ॲप्स परत आणू का. तिथे नको म्हणा, लागतील ती प्ले स्टोअरवरून एकेक घ्या. चॅट बॅकअपमधून मेसेज येतात, ॲप येत नाही. तरी बोबडे मेसेज आधी तुमच्या फोनवर फॉरवर्ड करून ठेवा. आजींचा जीव त्यात आहे, बॅकअपवर एकट्यावर विसंबू नका.