मदत हवी आहे: पहिलीच ५० मैलांची अल्ट्रा आणि वाट पूर्ण सपाट. चालायचं कधी?

नमस्कार मंडळी,

येत्या नोव्हेंबरात टनेल हिलची ५० मैलांची, म्हणजे साडेऐंशी किलोमीटरची शर्यत पळायचं ठरवलं आहे. माझी ही पहिलीच अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहून लांब पल्ल्याची शर्यत. मॅरेथॉन पळून झाल्या आहेत, साधारण साडेचार तास लागतात. इथे लोणावळा आणि दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स या अल्ट्रा केलेले लोक आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तयारीची वेळापत्रकं हवी तेवढी मिळतात, पण मी पाहिलेली बहुतेक डोंगरातल्या शर्यती डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहेत. माझी अडचण नेमकी तिथेच आहे.

आधी वाटेबद्दल सांगते. इलिनॉय राज्याच्या अगदी दक्षिणेला व्हिएन्ना नावाचं छोटं गाव आहे. आम्ही नेपरव्हिलला राहतो, तिथून गाडीने पाच-सहा तास. शर्यतीच्या नावात टेकडी असली तरी ही वाट म्हणजे जुना रेल्वेमार्ग आहे. १८७२ च्या सुमारास इथे लोहमार्ग आला, शंभरेक वर्षं चालला, पुढे रूळ काढून त्या जागी बारीक चुनखडी पसरली आणि ४५ मैलांची पायवाट तयार झाली. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे वाटेवर कुठेच दोन टक्क्यांहून जास्त चढ-उतार नाही. शर्यत गावातल्या बागेतून निघून दक्षिणेला कॅश नदीच्या पाणथळ रानाकडे जाते, त्याच वाटेने बागेत परत येते आणि मग उत्तरेला ५४३ फूट लांबीच्या जुन्या बोगद्याकडे जाऊन पुन्हा बागेत संपते. त्या पाणथळ भागात हजार वर्षांहून जुने सायप्रस वृक्ष आहेत. उत्तरेला जाताना ब्रीडन ट्रेसल नावाचा ९० फूट उंचीचा पूल लागतो. शर्यत निवडताना या दोन गोष्टींचं आकर्षण नक्कीच होतं.

वाट किती वेगवान आहे हे विक्रमांवरून कळेल. महिलांमध्ये कॅमिल हेरॉनने २०१७ साली इथेच १०० मैल १२ तास ४२ मिनिटं ४० सेकंदांत पूर्ण केले. २०२३ मध्ये चार्ली लॉरेन्सने ५० मैल ४:४८:२१ मध्ये मारले, म्हणजे किलोमीटरला ३ मिनिटं ३५ सेकंद! पुढच्याच वर्षी कोर्टनी ओल्सनने महिलांमध्ये ५:३१:५६ ची वेळ दिली. तिन्ही वेळा तो जागतिक उच्चांक होता.

आता प्रश्नाकडे येते. ही वाट ऐकून ओळखीचे सगळे म्हणतात, "पहिल्या अल्ट्रासाठी मस्त, एकदम सोपी." मला ते पटत नाही. डोंगरात चढ लागला की चालायचं हे ठरलेलं असतं, पहिल्या क्रमांकाचे धावपटूही चालतात. चढावर पोटऱ्या आणि नितंब काम करतात, उतारावर मांड्यांची पुढची बाजू, आणि एकाचं काम चालू असताना दुसऱ्याला थोडी उसंत मिळते. सपाटीवर तसं काही घडत नाही. तेच पाऊल, तोच कोन, तेच स्नायू, आणि जवळजवळ लाखभर वेळा. माझे लाँग रन इलिनॉय प्रेअरी पाथवर होतात. तोही जुना रेल्वेमार्ग आणि तशीच चुनखडीची वाट. तिथे तिसऱ्या तासानंतर श्वास अगदी आरामात असतो, हृदयगती ठीक असते, पण खुब्याचा पुढचा भाग आणि मांडीची मागची शीर आवळायला लागते. थांबून ताणलं की सुटते, अर्ध्या तासाने पुन्हा धरते. डोंगरातल्या वाटेवर एवढ्याच वेळात हे होत नाही.

म्हणजे सपाट वाटेवर चालायचा निर्णय आपल्यालाच घ्यावा लागणार, वाट तो घेणार नाही. तर चालणं पहिल्या तासापासूनच घड्याळ लावून करावं, की निम्मं अंतर सलग पळून मग चालणं सुरू करावं? घड्याळ लावायचं असेल तर प्रमाण काय ठेवावं? २५ मिनिटं पळणं आणि ५ मिनिटं चालणं असं मनात आहे. पळण्याचा वेग सात मिनिटाला किलोमीटर धरला आहे.

दुसरं म्हणजे शिकागो मॅरेथॉन ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी असते आणि टनेल हिल त्यानंतर चार-पाच आठवड्यांनी. शिकागोची नोंदणी झालेली आहे. ती सोडवत नाही. ती जोरात पळू नये एवढं मला कळतं, पण तिचा अल्ट्रासाठी नेमका कसा उपयोग करून घ्यावा?

तिसरं, खाणं. मी पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. जेल (पाकिटातला गोड, दाट पाक) तीन-चार तास चालतात, पुढे त्या गोड चवीने मळमळतं. दहा-अकरा तास पोटाला चालेल असं घरचं काय नेता येईल? नोव्हेंबरात तिथे पहाटे पाणी गोठेल इतकी थंडी असू शकते, हेही लक्षात घ्यावं.

अनुभवी मंडळींनी हातचं राखून न ठेवता लिहावं ही विनंती.


प्रतिसाद (पुणे)

ताई, तुमचं निदान बरोबर आहे, आणि हे तुम्हाला शर्यतीआधीच लक्षात आलंय याचा फार फायदा होईल. मी लोणावळ्याची ५० किलोमीटर केली आहे आणि कॉम्रेड्सही. डर्बन ते पीटरमॅरिट्झबर्ग या वाटेवर चालायचं कधी हा प्रश्नच पडत नाही, समोरचा डोंगरच सांगतो. नंतर एका मैदानाभोवती बारा तासांची शर्यत पळालो, तेव्हा सपाटीचा खरा त्रास समजला.

घड्याळ पहिल्या तासापासूनच लावा. यात तडजोड नको. स्नायू आवळल्यावर चालायला सुरुवात केली तर ते चालणं नाइलाजाचं असतं आणि त्यानंतर पुन्हा पळणं सुरू होत नाही. ताजेतवाने असताना चाललात तर आठव्या तासालाही पळता येतं. सुरुवातीला शेजारून शेकडो लोक पळत जातील आणि तुम्ही चालत असाल, मनाला ते जड जाईल. जाऊ द्या त्यांना.

प्रमाणाचा हिशेब करून पाहिला. पळणं सात मिनिटाला किलोमीटर आणि झपाझप चालणं दहा मिनिटाला किलोमीटर धरलं, तर २५-५ ने साडेऐंशी किलोमीटरला ९ तास ५३ मिनिटं लागतात. ८ मिनिटं पळणं आणि २ मिनिटं चालणं केलं तर ९ तास ५९ मिनिटं. दहा तासांत फरक फक्त सहा मिनिटांचा! त्या बदल्यात खुब्याला दर आठ मिनिटांनी सुटका मिळते. तुमची शीर तिसऱ्या तासाला धरते, तेव्हा माझं मत ८-२ च्या बाजूने आहे. खाण्यापिण्यासाठी थांबणं आणि शेवटची मंदगती धरून साडेदहा ते अकरा तासांची तयारी ठेवा.

एक गोष्ट बहुतेक जण करत नाहीत: झपाझप चालण्याचा वेगळा सराव. दहा मिनिटाला किलोमीटर हा चालण्याचा वेग आपोआप येत नाही, विशेषतः थकल्यावर. आठवड्यातून एकदा तासभर फक्त तेवढंच करा.

शिकागोबद्दल: तीच तुमची रंगीत तालीम. तिथेही ८-२, तिथेही अल्ट्राचंच खाणं, आणि संपल्यावर अजून तासभर पळता आलं असतं असं वाटलं पाहिजे. पुढचा आठवडा जवळजवळ विश्रांती. मग शिकागोपासून दोन आठवड्यांनी शनिवारी ३० आणि रविवारी २० किलोमीटर. थकलेल्या पायांवर पळणं शिकायचं ते रविवारी. त्यानंतर अंतर कमी करत जा.


प्रतिसाद (ठाणे, फिजिओथेरपिस्ट)

तुम्ही वर्णन केलेलं आवळणं सपाट वाटेवर खूप दिसतं. थांबून ताणल्याने तात्पुरतं बरं वाटतं, पण मूळ उपाय ताकद हा आहे. पायरीच्या कडेवर एका पायावर टाच वर-खाली करणं, एका पायावरचे ब्रिज (पाठीवर झोपून कंबर वर उचलणं), आणि वजन घेऊन कमरेतून वाकून उठणं, हे आठवड्यातून दोनदा. आजपासून सुरू केलंत तर नोव्हेंबरपर्यंत फरक पडेल. शेवटचे दोन आठवडे मात्र वजनं बाजूला ठेवा. पळताना अधूनमधून मुद्दाम लय बदला: मिनिटभर छोटी पावलं भराभर, मग थोडी लांब. सपाट वाट जे देत नाही ते आपण द्यायचं. आणि ती शीर पळत नसतानाही दुखायला लागली, सकाळी उठताना जाणवायला लागली, तर मात्र तपासून घ्या.

एक कळकळीची सूचना. शर्यतीत इबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नका. दहा तासांच्या श्रमात आणि पाणी कमी पडलेल्या शरीरात तिचा भार मूत्रपिंडांवर येतो. पाण्याचंही तसंच आहे. थंडीत घाम कमी येतो, आणि भीतीपोटी सतत नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकतं. तहान लागेल तसं प्या आणि खाण्यातून मीठ जाऊ द्या. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं आणि त्यातच गोंधळल्यासारखं वाटणं, असं काही झालं तर पाणी थांबवून लगेच वैद्यकीय मदत घ्या.


प्रतिसाद (मडगाव)

खाण्याबद्दल लिहितो, मीही शाकाहारी आहे. तासाला ५० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हे लक्ष्य ठेवा. पहिले चार तास जेल आणि केळी, पोट नीट असतं तोवर. पुढे खारट आणि मऊ. माझा हुकमी एक्का म्हणजे पेज. जाडा तांदूळ अगदी विरघळेपर्यंत शिजवायचा, मीठ थोडं जास्त, आणि गरम थर्मासमध्ये भरायचा. थंडीत तर याच्यासारखं काही नाही. उकडलेल्या बटाट्याच्या फोडी मीठ लावून, बिया काढलेले खजूर, राजगिऱ्याचे लाडू हेही चालतं. शेंगदाण्याची चिक्की मात्र टाळा, थंडीत दगडासारखी होते आणि शेंगदाण्यातलं तेल पळताना लवकर पचत नाही. अमेरिकेतल्या शर्यतींत गरम सूप मिळतं, ते बहुधा कोंबडीचं असतं, हातात घेण्याआधी विचारा.

जे खाणार ते निदान तीन लाँग रनना खाऊन पाहा. पोटालाही सराव लागतो.


मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ८-२ ठरलं. या शनिवारी प्रेअरी पाथवर तसंच पळाले आणि शीर तिसऱ्या तासाला धरली नाही, चौथ्याच्या शेवटी थोडी जाणवली. पेजही नेली होती, दोन्ही वेळा बरी वाटली.

दोन शंका उरल्या आहेत. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, त्यामुळे शर्यतीच्या दिवशी सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळेल. म्हणजे शेवटचा काही भाग अंधारात, तोही झाडीतून. डोक्यावरचा दिवा सुरुवातीपासून जवळ ठेवू की बागेतल्या पिशवीत ठेवून मधल्या फेरीला उचलू? आणि ती बाग निम्म्या वाटेवर पुन्हा लागते. तिथे आमची गाडी असेल, नवरा आणि मुलगी असतील. तिथे किती वेळ थांबणं योग्य?


प्रतिसाद (पुणे)

दिवा बागेत ठेवा आणि उत्तरेला निघताना आठवणीने घ्या, सोबत जादा बॅटरी. पातळ हातमोजे आणि वाऱ्याचं जॅकेटही तिथेच. ऊन उतरलं की अंग फार झपाट्याने गार पडतं, आणि तोवर तुमचा वेगही कमी झालेला असेल.

बागेत मोजे नक्की बदला. चुनखडीची पूड बुटात जाऊन घामाने ओली होते आणि फोड येतात, ते नंतर चालूही देत नाहीत. सुरुवातीपासून बुटांवर कापडी गेटर (घोट्याभोवतीचं आवरण) घातले तर पूड कमी जाते. ट्रेलचे जाड बूट मात्र नकोत, या वाटेला रस्त्याचे बूटच चांगले.

थांबणं पाच ते सात मिनिटं. काय काय करायचं ते कागदावर क्रमाने लिहून मुलीच्या हातात द्या आणि तिने ते मोठ्याने वाचावं: मोजे, पेज, दिवा, हातमोजे, पाणी. गाडीत बसायचं नाही, हीटर सुरू असेल तर दारही उघडायचं नाही. उत्तरेची वाट बोगद्यापर्यंत हलकी चढती आहे, म्हणजे परत येताना शेवटचे मैल उताराचे. जाताना वेग थोडा कमी वाटला तरी चिंता करू नका, तिथे जोर लावू नका.