मदत हवी आहे: वावधनात (वादळात) घराचे पत्रे उडाले, विमा कंपनीचा सर्व्हेअर म्हणतो "पत्रे जुने होते"

नमस्कार मंडळी. आमचं गाव रावेर तालुक्यात, तापीपट्ट्यात. मे सरता सरता एका संध्याकाळी वावधन आलं. आधी आभाळ लाल झालं, मग धूळ आणि मग असा वारा की दार लोटून धरायला दोघं लागले. वीस मिनिटांत केळीचा बाग आडवा झाला. बागेचा फळपीक विमा आहे, ७२ तासांत कळवायचं हे इकडे पोरासोरांनाही माहीत आहे, ते लगेच कळवलं. घराच्या विम्याचं मात्र काहीच ठाऊक नव्हतं.

खाली स्लॅब आणि वर पत्र्याच्या दोन खोल्या, असं घर आहे. वरचे अकरा पत्रे अँगलसकट उडाले. गच्चीवरच्या सोलरच्या चार प्लेटा फुटल्या, पाण्याची टाकी शेजारच्या वाड्यात जाऊन पडली. पाठोपाठ पाऊस आला, त्यात कपाट, गाद्या आणि टीव्ही भिजले. रस्त्याकडचा जुना निंब कंपाउंडच्या भिंतीवर पडला. मोटरसायकल त्याच भिंतीखाली होती. माणसं सगळी खाली होती म्हणून वाचली. आई अजून रात्री वारा सुटला की उठून बसते.

गृहकर्ज घेताना बँकेने १० वर्षांची पॉलिसी काढून दिली होती. कपाटातून काढली तेव्हा कळलं की ती 'भारत गृह रक्षा' आहे, इमारतीची रक्कम १८ लाख. दुसऱ्याच दिवशी कंपनीला फोन आणि मेल केला. नुकसान मोजायला सर्व्हेअर येऊन गेले, माणूस बोलायला चांगला होता, पण त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. पत्र्यांचे हुक गंजलेले होते, म्हणून ही झीज, वादळाचं नुकसान नाही. सोलर आणि घरातलं सामान पॉलिसीत लिहिलेलं नाही. आणि आज असं घर बांधायला ३० लाख लागतील, विमा १८ चा, म्हणून त्या प्रमाणात पैसे कापले जातील.

शुक्रवारी ते एका कागदावर सही घ्यायला येणार आहेत. सही करावी का? वरच्या खोल्या ताडपत्रीखाली आहेत, पाऊस तोंडावर आहे.

*तापीकाठ:*
भाऊ, आधी सगळे सुखरूप आहात हे ऐकून बरं वाटलं. मी विम्याच्या कामात बरीच वर्षं होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भारत गृह रक्षा हे विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना लावून दिलेलं एकसारखं प्रॉडक्ट आहे. वादळ, चक्रीवादळ, टॉर्नेडो, पूर हे सगळं त्यात येतं. सोलर पॅनेल, पाण्याची टाकी आणि कंपाउंडची भिंत तर 'इमारत' या व्याख्येतच आहेत, ती वेगळी लिहावी लागत नाहीत. पॉलिसीच्या शब्दार्थांचं पान काढून त्यावर खूण करून ठेवा. सामानाचंही तसंच. इमारतीचा विमा घेतला की तिच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, सामान आपोआप धरलं जातं. तुमचे ३ लाख ६० हजार झाले. निंबाचं झाड पडून भिंत गेली ते 'बाहेरच्या वस्तूची धडक' या वेगळ्या कलमात बसतं, तिथे वाऱ्याचा वाद घालायचं कारणच नाही.

१८ आणि ३० लाखांच्या हिशोबाने कापायचं म्हणतात, ते या पॉलिसीत चालत नाही. कमी विम्यासाठी प्रमाणात कपात करायची नाही, ही तिची अटच आहे. फक्त पॉलिसी काढताना चटईक्षेत्र (भिंतींच्या आतली जागा) खरं लिहिलेलं हवं, ते आधी तपासा.

गंजाचा मुद्दा तेवढा खरा अवघड आहे. झीज विम्यात येत नाही हे बरोबर. पण गंजलेले हुक आदल्या दिवशीपर्यंत पत्रे धरून होते, पत्रे गेले ते वाऱ्याने. हे दाखवायला त्या दिवशीचे फोटो, तलाठ्याचा पंचनामा, गावात इतरांचेही पत्रे उडाल्याच्या बातमीचं कात्रण, हवामान खात्याची नोंद, जे मिळेल ते जोडा. वाकलेले अँगल भंगारात देऊ नका. वाकलेलं लोखंड झीज नसते, ते वाऱ्याचा जोर सांगतं.

*धुळेकरीण:*
'पूर्ण व अंतिम' असं लिहिलेल्या कागदावर घाईत सही करू नका, दादा. आमच्या घरी तीच चूक झाली होती, नंतर कोणी दाद दिली नाही. सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागा. मोटरसायकल या पॉलिसीत येणार नाही, गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा विमा असेल तर तिकडे कळवा.

*धागाकर्ता:*
दोघांचेही मनापासून आभार. चटईक्षेत्र ग्रामपंचायतीच्या उताऱ्याशी जुळतंय. अँगल अजून अंगणातच आहेत. एक राहिलंच, मागे आईचं जुनं धाब्याचं (मातीच्या छताचं) घर आहे, त्याची भिंत खचली. ते पॉलिसीत नाही. पैसे बँकेच्या खात्यात जातील का हेही विचारायचं होतं.

*तापीकाठ:*
कर्ज चालू असेल तर पॉलिसीवर बँकेचं नाव असतं, पैसे आधी बँकेकडे जातात. दुरुस्तीसाठी सोडा, असा अर्ज शाखेत आजच द्या. धाब्याच्या घरासाठी तलाठ्याकडे आजच जा. पडझड किमान १५ टक्के असली तर आपत्ती निधीतून कच्च्या घराला ४,००० आणि पक्क्याला ६,५०० मिळतात. रक्कम फार नाही, पण पंचनामा झालाच पाहिजे.

कंपनीने नाकारलं तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याचं विमा लोकपाल कार्यालय आपल्या भागासाठी आहे. फी नाही, वकील लागत नाही.

*धागाकर्ता:*
तलाठी उद्या सकाळी येतो म्हणाले. शुक्रवारी सर्व्हेअर आले की काय झालं ते इथेच लिहीन.